जाड मुलांना काट्यावर उभे करण्याआधी घरच्यांची साखर विचारा

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातल्या मराठी शाळांचे मुख्याध्यापक आणि शाळा सुधारणा समित्यांचे सदस्य;
तसेच जिल्हा आरोग्य अधिकारी, बेळगाव

सप्रेम नमस्कार.

मी बेळगावातल्या एका रक्त तपासणी केंद्रात तंत्रज्ञ म्हणून काम करते. उपाशीपोटी साखर तपासायची म्हणून येळ्ळूर, किणये, कडोली, उचगावची माणसे पहिल्या बसने येतात. नंदगड, खानापूरकडची तर अंधारातच घर सोडतात. पूर्वी आमच्या बाकावर पन्नाशी ओलांडलेलीच माणसे दिसायची. अलीकडे त्यांच्या शेजारी शाळेच्या गणवेशातली मुले बसलेली असतात. आठवी-नववीतली. रक्त देऊन झाले की डबा खाऊन तशीच शाळेला जातात. त्यांच्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मला म्हणायचे ते आधीच सांगते. वयात येणाऱ्या मुलाचे वजन वाढते, साखर काठावर येते, तेव्हा आपण दोष त्याच्या जिभेला आणि आळसाला देतो. पण त्यात घराण्याकडून आलेला वाटा फार मोठा असतो आणि तो त्याने मागून घेतलेला नसतो. म्हणून शाळेने त्याला काट्यावर उभे करण्याआधी एक प्रश्न विचारावा: घरात साखर कुणाकुणाला आहे? या एका प्रश्नाने कोणत्या मुलाकडे आधी बघायचे ते कळते, आणि त्या मुलाला हिणवण्याचे कारणही उरत नाही.

एका पावसाळ्यात खानापूर तालुक्यातली एक आई नववीतल्या मुलीला घेऊन आली. मुलीने ओढणी मानेभोवती घट्ट गुंडाळून घेतली होती. रक्त घेताना तिला घाम फुटला, ओढणी थोडी सैल कर म्हटले तर सोडेना. शेवटी आईनेच ती काढली. मानेच्या मागे काळसर, जाडसर, मखमलीसारखा पट्टा होता आणि त्यावर जागोजाग खरचटलेले. शाळेत सगळ्या वर्गासमोर तिला "मान घासून येत जा" असे सांगितले गेले होते. मग घरी बेसन झाले, लिंबू झाले, शेवटी भांडी घासायचा काथ्या झाला. "कमी खा म्हणून सांगून सांगून थकलो बघा ताई," आई म्हणाली, "सकाळचा नाष्टापण बंद केलाय तिचा."

मानेवर होता तो मळ नव्हता. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडते, आणि रक्तात ते फार झाले की मानेच्या मागे, काखेत, कधी बोटांच्या सांध्यांवर कातडी अशी काळी आणि जाड होते. डॉक्टर याला अकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. घासून ती जात नाही, आतली गोष्ट सुधारली की हळूहळू फिकी होते. त्या मुलीची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.१ आली. ५.७ ते ६.४ ही काठावरची साखर, ६.५ पासून पुढे मधुमेह. मी घरच्यांचे विचारले. वडिलांना चौतिसाव्या वर्षापासून गोळ्या. वडिलांच्या आईचा पाय साखरेने काढावा लागलेला. आणि आईलाही ही मुलगी पोटात असताना साखर झाली होती. बाळंतपणानंतर गेली म्हणून पुन्हा कुणी तपासली नाही, तिनेही नाही. एवढे सगळे त्या घरात सर्वांना ठाऊक होते. शाळेच्या आरोग्य कार्डावर मात्र फक्त वजन आणि उंची लिहिलेली होती.

आता यामागचे शास्त्र. आपल्यापैकी पुष्कळ जण अजून "खाण्यावर ताबा नाही" इथेच थांबतात, म्हणून ते थोडे सविस्तर लिहिते.

डेन्मार्कमध्ये लहानपणीच दत्तक गेलेल्या ५४० माणसांचा एक अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. ही माणसे मोठी झाल्यावर त्यांच्या शरीराची ठेवण कुणाशी जुळते ते पाहिले. ती जन्म देणाऱ्या आईवडिलांशी जुळली. ज्यांच्या घरात वाढली, ज्यांच्या हातचे जेवली, त्यांच्याशी जुळली नाही. त्यानंतर जुळ्या भावंडांवरही कितीतरी अभ्यास झाले. माणसामाणसांच्या वजनात जो फरक दिसतो त्यातला साधारण ४० ते ७० टक्के वाटा आनुवंशिक असतो, असे त्यांतून निघते. याचा अर्थ कुणाच्या अंगावरचे सत्तर टक्के वजन जनुकांनी चढवले असा नाही. एकाच गावात, एकाच प्रकारचे जेवून एक मुलगा सडपातळ राहतो आणि दुसरा सुटतो, त्या फरकाचे मोठे कारण रक्तात आहे, एवढाच अर्थ.

हे रक्तातले काम करते कसे? २००७ साली एफटीओ नावाच्या जनुकाचा एक प्रकार लठ्ठपणाशी जोडला गेला. युरोपातल्या प्रौढांत, ज्यांना हा प्रकार आई आणि वडील दोघांकडून मिळाला होता, त्यांचे वजन तो अजिबात नसलेल्यांपेक्षा सरासरी तीन किलो जास्त भरले. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या शाळकरी मुलांचा अभ्यास आला. हा प्रकार असलेली मुले शरीराची ऊर्जा कमी खर्च करत नव्हती. ती आळशी नव्हती. त्यांच्या खाण्यातून मात्र जास्त उष्मांक पोटात जात होते. एमसी४आर नावाचे दुसरे जनुक आहे, त्याचे काम थेट मेंदूतल्या भुकेच्या केंद्रात चालते. म्हणजे ज्या मुलाला आपण हावरट म्हणतो, त्याला भूक खरोखरच जास्त लागते आणि पोट भरल्याचे उशिरा कळते. वर्गात त्याच्या डब्याकडे बघून हसणाऱ्या प्रत्येकाला हे कुणीतरी एकदा सांगायला हवे, आणि ते काम शिक्षकांशिवाय कुणाला जमेल असे मला वाटत नाही.

अशी एक-दोन नव्हे, शेकडो जनुके आता माहीत आहेत. एकेकट्याचा परिणाम किरकोळ असतो, सगळ्यांची बेरीज मोठी होते. मधुमेहाच्या बाबतीत २००६ साली आइसलंडमध्ये सापडलेले टीसीएफ७एल२ हे जनुक महत्त्वाचे. ते स्वादुपिंडाच्या इन्सुलिन सोडण्याच्या ताकदीवर परिणाम करते. एफटीओ आणि टीसीएफ७एल२ या दोन्ही जनुकांचा आपल्या लोकांतला अभ्यास पुण्यात झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतले शास्त्रज्ञ यांनी आपल्या लोकांतही या जनुकांचा मधुमेहाशी संबंध दाखवला.

याज्ञिकांचे आणखी एक काम आहे. बेळगावच्या प्रत्येक शाळेने ते समजून घ्यावे असे मला वाटते. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा केला. तिथले बाळ जन्मताना सरासरी २.७ किलोचे, इंग्लंडमधले ३.५ किलोचे. आपले बाळ हातापायांनी बारीक, स्नायू कमी; पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र इंग्लिश बाळाच्या जवळपास तेवढीच. बारीक दिसणारे, तरी चरबीदार बाळ. २००४ साली याज्ञिक आणि त्यांचे इंग्लिश सहकारी युडकिन यांनी स्वतःचेच फोटो आणि मोजमापे छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के.

मी हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्या शाळांत नजर फक्त जाड मुलांवर असते. ज्याचे आईवडील दोघेही साखरेच्या गोळ्या घेतात, जो हडकुळा आहे पण ज्याचे पोट थोडे पुढे आले आहे, अशा मुलाला कुणी विचारत नाही. त्याला शाबासकी मिळते. त्यालाही धोका आहे आणि काट्यावर तो दिसत नाही.

२०१६ ते २०१८ या काळात केंद्र सरकारने मुलांच्या पोषणाची देशभर पाहणी केली. त्यात दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांत लठ्ठ किंवा जास्त वजनाची मुले साधारण शंभरात पाच होती. साखर काठावर असलेली मात्र शंभरात दहा. जाड मुलांपेक्षा काठावरची साखर असलेली मुले दुप्पट निघाली, ते का, हे वरच्या पुण्याच्या कामावरून लक्षात येईल. वयात येताना शरीरातली संप्रेरके बदलतात आणि त्या दोन-चार वर्षांत प्रत्येकच मुलाचे इन्सुलिन थोडे कमी चालते. ज्याचे स्वादुपिंड मजबूत आहे तो निभावून नेतो. ज्याला घराण्याकडून कमजोर मिळाले आहे त्याची साखर याच वयात पहिल्यांदा वर जाते. म्हणजे नेमकी सातवी ते दहावी. तुमच्या ताब्यातली वर्षे.

आईच्या पोटातल्या नऊ महिन्यांबद्दल आपल्याच राज्यातले काम आहे. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात १९९७ पासून बाळंत झालेल्या बायकांच्या मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. ज्या आयांना गरोदरपणात साखर झाली होती, त्यांची मुले शाळेच्या वयात आल्यावर इतरांपेक्षा चरबीदार होती आणि त्यांच्या शरीराला जास्त इन्सुलिन लागत होते. हे जनुकांच्या पलीकडचे आहे. पोटात असताना मिळालेल्या जास्त साखरेचा हा परिणाम. त्यामुळे आरोग्य कार्डावर वडिलांची साखर विचारून भागणार नाही, आईच्या गरोदरपणाचेही विचारावे लागेल. आपल्याकडे बायका हे सांगत नाहीत. बाळंतपण झाले, साखर उतरली, विषय संपला, अशीच समजूत असते. अशा आईला स्वतःलाही पुढे मधुमेहाचा मोठा धोका असतो, हे तिला तरी कुठे कुणी सांगितलेले असते!

क्वचित दिसणाऱ्या आनुवंशिक प्रकारांबद्दलही लिहायला हवे, कारण आपल्या सीमाभागात मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्ने अजून होतात. १९९७ साली इंग्लंडमध्ये मूळच्या पाकिस्तानी कुटुंबातली दोन चुलत-मावस नात्यातली मुले तपासली गेली. आठ वर्षांची मुलगी ८६ किलोची, दोन वर्षांचा मुलगा २९ किलोचा. भूक त्यांना आवरत नव्हती. दोघांचेही आईवडील आपसांत नात्यातले. चरबीतून मेंदूला "पुरे झाले" असे कळवणारे लेप्टिन नावाचे संप्रेरक त्या मुलांच्या शरीरात जवळजवळ तयारच होत नव्हते, कारण त्याचे बिघडलेले जनुक दोन्हीकडून आले होते. लेप्टिनची इंजेक्शने सुरू केल्यावर मुलीचे वजन वर्षभरात सोळा किलोंनी उतरले. त्या मुलीला कुणी संयम शिकवला नाही. जे कमी होते ते दिले. असे आजार फारच दुर्मीळ, पण दुसरी-तिसरीच्या आतच वजन प्रचंड वाढलेले मूल दिसले तर त्याला खेळाच्या तासाला पळवू नका, मोठ्या रुग्णालयात बालरोगतज्ज्ञाकडे पाठवा.

दुसरा प्रकार मोडी, म्हणजे तरुणपणीच सुरू होणारा आनुवंशिक मधुमेह. यात एकाच जनुकातला दोष आईकडून किंवा वडिलांकडून येतो आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. आजोबा, वडील, मुलगा, तिघांनाही पंचविशीच्या आसपास किंवा आधीच साखर, आणि तिघेही फारसे जाड नाहीत, असे घर दिसले की हा संशय घ्यायचा. यातल्या एका प्रकारात साध्या, स्वस्त गोळ्यांनी साखर छान आटोक्यात राहते, तरी पोर लहान म्हणून त्याला वर्षानुवर्षे इन्सुलिन टोचले जाते. दुसऱ्या एका प्रकारात तर बहुधा औषधच लागत नाही. चेन्नईत डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेत अशा घराण्यांची देशभरची नोंद ठेवली जाते. तेव्हा घराण्याची माहिती विचारण्याने नुसती भीती वाढते असे नाही, कधी कधी एखाद्या पोराच्या दंडावरची सुईही सुटते.

हे सगळे वाचून कुणी म्हणेल, मग रक्तातच आहे तर करायचे काय? हा प्रश्न मला आमच्या बाकावरही रोज ऐकू येतो. "आमच्या घराण्यातच आहे," असे म्हणून लोक मोकळे होतात. मला हे मान्य नाही. जनुके पिढ्यान्‌पिढ्या तीच आहेत. खानापूरकडच्या त्या नववीतल्या मुलीच्या आजीच्या आईलाही तीच मिळाली असणार. पण ती रोप लावणीला दिवसभर चिखलात वाकत होती, नाचणीची भाकरी आणि आमटी खात होती, पाणी डोक्यावरून आणत होती. जनुकांचे रानासारखे आहे. एकाच पावसात मुरमाड माळावरचे पाणी वाहून जाते आणि काळ्या रानात साचून पीक सडते. पाऊस कमी होता तेव्हा तेच काळे रान गावात सगळ्यात चांगले होते. आता चहाबरोबर बटर-टोस्ट, दुपारी भात, संध्याकाळी दहा रुपयांचे पाकीट, रात्री पुन्हा भात आणि दिवसभर बसणे. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बाया तर वर्षानुवर्षे एका जागी बसून काम करतात आणि त्यांच्या घरात हे दोन्ही एकदम येते, घराण्याची साखर आणि बैठे आयुष्य.

हालचालीने जनुकांचा जोर उतरतो, हे मोजलेले आहे. २०११ साली दोन लाखांहून जास्त प्रौढांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा नियमित हालचाल करणाऱ्यांत एफटीओचा परिणाम २७ टक्क्यांनी कमी दिसला. चेन्नईत काठावरची साखर असलेल्या लोकांना फक्त खाणे आणि चालणे बदलायला लावले, तर तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण चौथ्या हिश्शाहून जास्त घटले. म्हणजे आनुवंशिकता असलेल्या मुलाला खेळाची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. आणि आपल्याकडे होते काय? दहावीचे वर्ष आले की खेळाचा तास गणिताला जातो. मुलगा तालमीत जात असेल तर घरचेच तालीम बंद करतात. दूध-तूप मात्र पूर्वीइतकेच सुरू राहते. जाड मुलाला तर कबड्डीच्या संघात घ्यायचे नाही, मैदानाच्या कडेला चपला राखायला बसवायचे. ज्याला सगळ्यात जास्त पळायला हवे त्यालाच आपण बसवून ठेवतो. मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती, एसएसएलसीच्या निकालाचा दबाव तुमच्यावर किती आहे ते मला कळते, तरीही हा एक तास कुणाला देऊ नका.

आता मागणे काय ते.

वर्गासमोर, रांगेत, मोठ्याने आकडा सांगून वजन करणे आजपासून बंद करा. एका शाळेत असे वजन झाल्यावर आठवीतल्या मुलाला सगळे त्या आकड्यानेच हाक मारू लागले. तो महिनाभर शाळेला गेला नाही, असे त्याच्या वडिलांनी मला रक्त देताना सांगितले. एकेकाला वेगळ्या खोलीत बोलवा. आणि खरे तर काट्याचीही फार गरज नाही. मुलाच्या उंचीएवढी सुतळी घ्या, ती मधोमध दुमडा, आणि बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती गुंडाळून बघा. टोके जुळत असतील तर ठीक. जुळत नसतील तर कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे आणि पोटात चरबी साठते आहे. जाड-बारीक दोघांनाही हे लागू पडते आणि आकडा कुणाच्या तोंडी होत नाही. सुतळी बांधतानाच मानेकडे नजर टाका. काळा पट्टा दिसला तर घासायला सांगू नका, कार्डावर नोंद करा.

जूनमध्ये शाळा सुरू होताना जो आरोग्याचा फॉर्म भरून घेता त्यात तीन प्रश्न वाढवा. आईवडील आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा यांपैकी साखर कुणाला आहे, आणि कितव्या वर्षी निघाली? हे मूल पोटात असताना आईला साखर झाली होती का? घरात पंचविशीच्या आत कुणाला साखर निघाली का? डॉ. मोहन यांच्या चेन्नईच्याच संस्थेने तयार केलेल्या भारतीय मधुमेह जोखीम गुणांकात चारच गोष्टी विचारल्या जातात, वय, कंबर, हालचाल आणि आईवडिलांची साखर. एका पालकाला असेल तर दहा गुण, दोघांना असेल तर वीस. तो मोठ्यांसाठी आहे, पण एवढ्या साध्या प्रश्नाला डॉक्टर लोक किती वजन देतात ते त्यावरून दिसते. एक मात्र पाहा, हा फॉर्म कन्नडबरोबर मराठीतही असू द्या. येळ्ळूरच्या किंवा जांबोटीच्या आजीला स्वतःला वाचता आला तरच ती खरे सांगेल, नातवाने अंदाजाने भरलेला फॉर्म काही कामाचा नाही.

ज्या मुलाची कंबर जास्त भरते आणि घरात साखर आहे, किंवा मानेवर पट्टा आहे, त्याला दहाव्या वर्षापासून किंवा वयात येऊ लागल्यापासून रक्त तपासायला पाठवावे. वजन जास्त आणि असा धोका असलेल्या मुलांबद्दल अमेरिकेतले मधुमेहतज्ज्ञही हेच सांगतात. तपासणी ठीक आली तरी तीन वर्षांनी पुन्हा, आणि मधेच वजन झपाट्याने वाढले तर आधीच. इथे माझ्या कामातली एक गोष्ट आरोग्य अधिकाऱ्यांच्या कानावर घालते. आपल्या मुलींत रक्त कमी असण्याचे प्रमाण फार आहे. लोह कमी असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. म्हणून मुलींची फक्त तीन महिन्यांची साखर बघून घाबरवू नका, उपाशीपोटी साखर आणि हिमोग्लोबिन सोबत करा. उपाशीपोटी १०० ते १२५ ही काठावरची, १२६ पासून मधुमेह, आणि तोही दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासूनच ठरवायचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक २०१३ पासून शाळांत जाते. त्या पथकाच्या हातात या मुलांची यादी आधीच तयार असेल तर एका सकाळीत काम होईल.

आणि पालकांनी पैसे घालवून जनुकांची तपासणी करायच्या मागे लागू नये. मुलाच्या लाळेवरून लठ्ठपणाचे भविष्य सांगणारी किटे हल्ली विकत मिळतात. ज्या अभ्यासांवरून ती बनली त्यांतली बहुतेक माणसे युरोपीय वंशाची, आणि निकाल काहीही आला तरी डॉक्टर सांगणार तेच, खेळ, झोप, खाणे, तपासणी. मोडीसारखा खास संशय असेल तेव्हाच जनुक तपासावे, तेही डॉक्टरांनी सांगितल्यावर. आजीला विचारायला पैसे लागत नाहीत.

शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड आहे. मुलीची साखर काठावर आली की आई पहिला प्रश्न विचारते तो आजाराचा नसतो. "ताई, हे कुणाला कळणार नाही ना? उद्या स्थळं यायची आहेत." या भीतीने कितीतरी घरांत तपासणीच होत नाही, झाली तरी कागद कपाटात राहतो. त्यामुळे हे आरोग्य कार्ड मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपाखाली राहील, समितीच्या बैठकीत कुणाचे नाव घेतले जाणार नाही, वर्गशिक्षकांनाही फक्त या मुलाला खेळू द्या एवढेच सांगितले जाईल, असा ठराव शाळा सुधारणा समितीने करावा आणि तो पालकांच्या सभेत वाचून दाखवावा. हा भरवसा आधी द्या, प्रश्न नंतर विचारा. नाहीतर उत्तरे खोटी येतील.

पालकांची सभा घ्याल तेव्हा हेही सांगा की घरात एकट्या मुलाचे ताट वेगळे करू नका. एकाला नाचणीची भाकरी आणि भावंडांना पाकिटे, असे केले तर ते मूल चोरून खाते, मी ऐकले आहे. जनुके त्याची एकट्याची नाहीत, ती त्याला देणारे दोघे त्याच ताटावर बसलेले आहेत आणि त्यांनाही तेच जेवण हवे आहे. भात अर्धा, उसळ दुप्पट, संध्याकाळी सगळे मिळून चालायला. नाष्टा बंद करू नका. उपाशी शाळेत गेलेले मूल मधल्या सुट्टीत गेटवर काय घेते ते शिक्षकांनाच जास्त माहीत आहे. दुपारच्या जेवणात जाड मुलाला दुसऱ्यांदा भाजी वाढायला नको म्हणू नका, भात कमी वाढा आणि सांबार, भाजी जास्त द्या.

उंचीची सुतळी कशी धरायची, मानेवरचा पट्टा कसा ओळखायचा आणि फॉर्ममधले तीन प्रश्न पालकांना कसे विचारायचे, हे शिकवायला मी रविवारी कोणत्याही शाळेत यायला तयार आहे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यातल्या शाळांत माझ्या खर्चाने येईन, निपाणी-चिक्कोडीकडे बोलावलेत तर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कुणाला तरी सोबत घ्यावे लागेल. जून उजाडायच्या आत फॉर्म छापायला टाकावा लागतो, तेव्हा त्याआधी आपापल्या समितीची बैठक लावावी, ही विनंती.

आपली नम्र,
रक्त तपासणी केंद्रातली एक तंत्रज्ञ
शहापूर, बेळगाव